सांदवाडीतल्या सहा कोंबड्या: पाळायच्या कशा आणि कशासाठी

विदर्भातल्या शेतकऱ्याला त्याच्या मेहनतीचं उत्तर फार उशिरा मिळतं. जूनमध्ये टोबलेल्या कपाशीचं काय झालं ते दिवाळीच्या सुमारास कळतं, तुरीचं संक्रांतीच्या पुढेमागे. तेही पावसानं दडी मारली नाही, गुलाबी बोंडअळी आली नाही आणि ऐनवेळी भाव पडला नाही तर. वर्षभर राबून शेवटी "यंदा काही नाही झालं" म्हणायची पाळी दोन-तीनदा आली, की माणसाचा स्वतःच्या राबण्यावरचा भरवसाच उडतो.

कोंबडीचा हिशेब रोजच्या रोज असतो. सकाळी पाणी बदललं नाही तर दुपारी ती चोच उघडी टाकून उभी दिसते. संध्याकाळी दार लावायला विसरलात तर पहाटे पिसं सापडतात. नीट बघितलंत तर टोपलीत अंडं असतं. केलं आणि झालं, यांतलं अंतर इतकं कमी असलेलं काम खेड्यात दुसरं मला तरी माहीत नाही. म्हणून मुलगा कारभार बघायला लागल्यावर रिकामे झालेले आजोबा, स्वतःच्या हातात चार पैसे असावेत असं वाटणारी घरातली बाई, किंवा शहरातली नोकरी सुटून गावी परतलेलं आणि दिवस कुठून सुरू करावा हेच न कळणारं एखादं पोट्टं, अशा कुणालाही मी आधी सहा कोंबड्या सुचवते.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगते. पाचशे पक्ष्यांचं शेड, कंपनीशी करार, ब्रॉयलरची बॅच हा वेगळा धंदा आहे आणि त्याचं गणितही वेगळं आहे. इथे त्याबद्दल काही नाही. दुसरं, मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर त्यावर कोंबड्या हा इलाज नाही. टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आधी तिथे बोला. कोंबड्या नंतरही आणता येतात.

आणण्याआधी आठ दिवस नुसतं बसा

खर्च काहीच नसलेली ही पायरी सगळे गाळतात. कोंबड्या आणायच्या आधी आठवडाभर, सूर्य उगवताना आणि दिवेलागणीला, सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, पाव-पाव तास बसा. मोबाइल घरात ठेवा. ऊन कुठून येतं, पाऊस झाला तर पाणी कुठे साचतं, कुणाचं मांजर कोणत्या वाटेनं जातं, कडुनिंबावर शिकरा बसतो का, कुंपणाखाली मुंगसाची वाट आहे का, हे सगळं त्यात कळतं. खुराडं कुठे बांधायचं ते याच बैठकीतून ठरतं.

आणखी एक गोष्ट कळते: तुम्हाला या दोन वेळा पाळता येतात की नाही. कोंबड्यांना दिवसभर माणूस लागत नाही, पण या दोन वेळा चुकवून चालत नाही. आठ दिवसांत चार दिवस बसणं झालं नाही, तर घरात दुसरं कोण बसू शकतं ते बघा. घरात कुणी माळकरी असेल तर त्यांच्याशीही आधीच बोलून घ्या. अंडी, मांस यावरून पुढे वाद होण्यापेक्षा सुरुवातीला विचारलेलं बरं.

कोणत्या, किती, कधी

पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा. आणखी नको. सहा पक्षी चेहऱ्यानं ओळखता येतात. वीस झाले की नुसती संख्या उरते. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, कोंबड्या त्याच्याशिवायही अंडी घालतात. पण पिल्लं हवी असतील तर तो लागतो, आणि घार दिसली की पहिली हाक तोच देतो.

जातीबद्दल लोक खूप डोकं खाजवतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज वर्षाला शंभर ते सव्वाशे अंडी देते, ग्रामप्रिया त्याहून जास्त, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज दीडशेच्या आसपास. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-सत्तरच देते. तरीही पहिल्यांदा पाळणाऱ्यानं गावरानच घ्यावी असं माझं मत आहे. ती हलकी असते, घार आली तर झुडपात घुसते, कुत्रं धावलं तर कुंपणावर उडते. मुख्य म्हणजे ती स्वतः खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसते, आणि पिल्लं वाढवते. वनराज-गिरिराज अंगानं जड, पळण्यात मंद आणि उबवणीत बेभरवशाच्या. त्यांची पिल्लं दर वेळी विकत आणावी लागतात. ज्यांना फक्त अंडी हवीत त्यांनी त्या खुशाल घ्याव्यात. पशुसंवर्धन खात्याचं अंडी उबवणी केंद्र नागपूरला आहे. कडकनाथबद्दल विचारणारे तर दर गावात भेटतात. ती मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर तिच्या भावाच्या गोष्टी ऐकून पैसे अडकवू नका.

आठवडी बाजारातून घेणं टाळा. दहा घरच्या कोंबड्या एकाच जाळीत कोंबलेल्या असतात, एकीचा आजार सगळ्यांना लागलेला असतो. ओळखीच्या घरून चार-पाच महिन्यांची तलंग घ्या. हातात घेऊन बघा: डोळे चमकदार, नाक कोरडं, मागची पिसं स्वच्छ, छातीचं हाड बोटाला टोचत नाही. घरी आधीच कोंबड्या असतील तर नवी आलेली दोन आठवडे वेगळी ठेवा.

महिना दसरा-दिवाळीचा. पाऊस सरलेला असतो, गवतात किडे भरपूर असतात, आणि उन्हाळा लागेपर्यंत कोंबडीला घर, माणूस आणि जागा या तिन्हींची सवय होते. एप्रिल-मेमध्ये कुणी फुकट दिल्या तरी घेऊ नका.

खुराडं

सहा कोंबड्यांना रात्री झोपायला चार फूट बाय तीन फूट जागा पुरते. एका पक्ष्याला दोन चौरस फूट असा हिशेब. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन लांब बाजूंनी आत घुसत नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, चार खांबांवर. खाली ओल येत नाही, विष्ठा काढता येते, ती थेट वांग्याच्या आळ्यापाशी नेऊन कुजवता येते.

भिंतींना बुरडाकडून विणून घेतलेलं बांबूचं तट्टं चालतं, तुराट्यांचा कूडही चालतो. पण कुडाच्या भेगांत गोचीड लपतात. दिवसा दिसत नाहीत, रात्री बाहेर येऊन रक्त पितात, आणि कोंबडी कशानं खंगतेय ते कळतच नाही. म्हणून कूड शेणामातीनं नीट लिंपा आणि वर्षातून दोनदा भेगांसकट चुना मारा. शंका आली तर रात्री बॅटरी लावून भेगा तपासा.

जाळी अर्ध्या इंचाची घ्या. मुंगूस फार लहान फटीतून आत जातं आणि एक खाऊन थांबत नाही. आत एक आडवी दांडी लावा, प्रत्येकीला आठेक इंच जागा येईल अशी; कोंबडीला उंचावर बसून झोपायला आवडतं. अंड्यांसाठी कोपऱ्यात अंधाऱ्या जागी तणस घातलेल्या दोन टोपल्या ठेवा. टिनाचं छप्पर असेल तर त्यावर पऱ्हाट्या किंवा तणसाचा जाड थर हवाच, नाहीतर मे महिन्यात ते खुराडं म्हणजे तवा होतो.

चंद्रपूर, गडचिरोली, ब्रह्मपुरीकडे जंगलाला लागून घर असेल तर खुराडं सांदवाडीच्या टोकाला बांधू नका. घराच्या भिंतीला चिकटून, पक्क्या दाराचं बांधा. कोंबडीच्या वासानं बिबट अंगणात येतो, आणि मग प्रश्न फक्त कोंबडीचा राहत नाही.

बांधकाम मिस्त्रीला देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाताशी घ्या, किंवा त्यालाच मुख्य करा आणि आपण हाताखाली राहा. तट्टं कसं बांधायचं, दाराची कडी मुंगसाला उघडता येणार नाही अशी कुठे बसवायची, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. अलीकडे त्यांना कुणी काही विचारलेलंही नसतं.

पहिले दिवस आणि मग रोजचे

नव्या कोंबड्या तीन-चार दिवस खुराड्यातच ठेवा. खाणंपाणी आतच. हे आपलं घर, हे त्यांच्या डोक्यात बसलं की पाचव्या दिवशी सूर्य मावळायच्या तासभर आधी सोडा. अंधार पडायला लागला की आपोआप परत येतात. दाणे टाकताना एकच आवाज काढा, कुठलाही, पण रोज तोच. पंधरवड्यात त्या आवाजावर धावत येतील, आणि हे येणं किती सुखाचं असतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. घरातले आपला आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करत असतील तर आणखीनच!

सकाळचं काम असं: दार उघडा, पण लगेच निघून जाऊ नका. कोण पहिली उतरली, कोण मागे राहिली, कुणाचा तुरा फिकट पडलाय, विष्ठा कशी आहे, हे बघा. घट्ट, वर पांढरी टोपी असलेली विष्ठा म्हणजे सगळं ठीक. हिरवी, पातळ किंवा रक्ताळलेली दिसली तर ती कोणाची ते शोधून तिला वेगळी करा. पाणी रोज ओतून द्या आणि भांडं घासून ताजं भरा. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुपटीपर्यंत.

मग बसा. टोचण्याचा एक क्रम असतो, तो ओळखायचा प्रयत्न करा. एक कोंबडी सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची बिचारी कुणालाच नाही. नॉर्वेतल्या थोर्लेइफ श्येल्डरप-एब्बे या माणसानं लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि 1921च्या सुमारास हा क्रम शास्त्राच्या भाषेत मांडला. त्याच्याकडे वही आणि वेळ होता, बस. तुम्हीही एक वही ठेवा. तारीख, किती अंडी, कोणी खाल्लं नाही, काय वेगळं दिसलं. रोज दोन ओळी. याचा व्यवहारी उपयोग असा, की शेवटच्या क्रमाच्या कोंबडीला दाणे मिळत नाहीत हे कळतं, आणि मग तुम्ही दोन ठिकाणी दाणे टाकायला लागता. दुसरा उपयोग सांगून समजत नाही. वावरातून आल्यावर डोक्यात कर्जाचे आकडे फिरत असतील, तर "काळ्या तुऱ्याची आज दांडीवर का नाही बसली" हा प्रश्न त्या आकड्यांना थोडा वेळ बाजूला सारतो. प्रश्न लहान असतो आणि त्याचं उत्तर उद्या सकाळी मिळणार असतं.

संध्याकाळी मोजून आत घ्या. मोजणं सोडू नका. एक कमी असेल तर अंधार पडायच्या आधी शोधायला हवी. बहुतेक वेळा ती कुठेतरी कुटाराच्या ढिगात लपून अंडी घालत असते.

खाणं: आपल्याकडे काय चालतं, काय नाही

मोकळी फिरणारी कोंबडी बरंचसं स्वतः शोधते. उकिरडा, गोठा, कुंपणाकडेचं गवत हीच तिची ताटं. वरून संध्याकाळी प्रत्येकी मूठभर दाणे द्या, चाळीस-पन्नास ग्रॅम. भंडारा-गोंदियाकडे तांदळाची कणी आणि कोंडा, वऱ्हाडात ज्वारी. घरात असेल ते.

आपल्या भागात पाच सावधगिऱ्या मात्र पाळायलाच हव्यात. सोयाबीन घरचं असतं म्हणून कच्चंच टाकलं जातं. कच्च्या सोयाबीनमधले घटक पचन अडवतात. भाजून भरडून द्या, मग ते उत्तम. सरकीची ढेप बैलाला घाला, कोंबडीला नको: सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं, त्यानं अंड्याचा बलक हिरवट होतो आणि कोंबडीचीही तब्येत बिघडते. पेरणीचं रंगीत, औषध लावलेलं बियाणं सांडलं असेल तर वेचून घ्या. शेजारच्या वावरात फवारणी असेल त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस कोंबड्या आतच ठेवा. विषानं मेलेली अळी खाऊन कोंबडी मरते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ती औषधं किती जहाल असतात हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको. आणि बुरशी लागलेली ज्वारी किंवा मका "कोंबड्यांना चालतं" म्हणून टाकू नका. त्यांनाही चालत नाही.

उरलंसुरलं अन्न चालतं, पण खारट नको. सावजी रस्सा तर नकोच.

पिल्लांसाठी एक जुनी युक्ती फार कामाची आहे. फुटक्या मडक्यात वाळकं शेण, थोडं कुटार आणि ओल्या बारदानाचे तुकडे भरा. वाळवी, आपण उधई म्हणतो ती, जिथे दिसते तिथे संध्याकाळी हे मडकं पालथं घाला. सकाळी उचला, आत उधई भरलेली असते. पिल्लांपुढे झटका. त्यांना हवं असलेलं प्रथिन यातून फुकटात मिळतं, आणि त्या पाच मिनिटांत पिल्लांची जी झुंबड उडते ती बघायला शेजारचे पोट्टेही जमतात.

अंड्याचं कवच पातळ यायला लागलं तर घरातलीच टरफलं तव्यावर भाजून बारीक चुरून द्या. अख्खी टाकू नका. अंडं खायची खोड लागते.

खुडूक

कोंबडी पाळण्यातला हा सगळ्यात भरलेला काळ, आणि इथेच माणसं घाई करतात.

अंडी घालता घालता एक दिवस कोंबडी टोपलीतून उठत नाही. हात नेला की पिसं फुलवते, गुरगुरल्यासारखा आवाज काढते, टोचते. ती खुडूक झाली. पिल्लं नको असतील तर तिला तीन-चार दिवस हवेशीर, खालून उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, दाणापाणी द्या, उतरते. काही जण नाकात पीस घालतात, पाण्यात बुडवतात. त्यात कोंबडीचे हाल होतात, दुसरं काही नाही.

पिल्लं हवी असतील तर आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, स्वच्छ अंडी निवडा. धुऊ नका. गावरान कोंबडीच्या अंगाखाली दहा-बारा मावतात. आमच्याकडे विषम ठेवायची पद्धत आहे, नऊ किंवा अकरा. कोंबडी टोपलीत रात्री बसवा, अंधारात ती जागा बिनतक्रार स्वीकारते. जागा शांत हवी, इतर कोंबड्यांपासून आड. तिथून पुढे एकवीस दिवस.

या एकवीस दिवसांत तुमचं काम कमी असतं. दिवसातून एकदा ती उठते, खाते, पिते, धुळीत लोळते, पंधरा-वीस मिनिटांत परत येते. तेवढ्यात टोपली बघून घ्या, फुटलेलं अंडं असेल तर काढा. ती उठतच नसेल तर स्वतः उचलून दाण्यापाशी ठेवा. सातव्या दिवशी रात्री खोलीत अंधार करून मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरा. जिवंत अंड्यात मधे काळा ठिपका आणि त्याभोवती लाल शिरांचं जाळं दिसतं. जे नुसतं पारदर्शक राहिलं ते काढून टाका. हे बघायला घरातल्या मुलांना बोलवा. मोठ्यांनाही बोलवा, सत्तरीतल्या माणसानं आयुष्यभर कोंबड्या पाळून हे एकदाही पाहिलेलं नसतं.

एकविसाव्या दिवशी टोचा पडतो. आतून चोचीनं केलेलं छोटं भोक. तिथून पिल्लू बाहेर यायला कधी काही तास लागतात, कधी जवळजवळ दिवसभर. मदत करायला हात शिवशिवतो. करू नका. टरफल सोलून काढलं तर आतल्या शिरा फाटतात आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेऊनच ते बाहेर पडतं, त्यावर दोन दिवस त्याचं भागतं; म्हणून पहिल्या दिवशी खाण्याचीही घाई नको. मला विचाराल तर काही न करता थांबून राहणं हे या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात अवघड काम आहे. शेतात आपण सतत काहीतरी करून निकाल बदलू पाहतो, एक फवारणी आणखी, एक खताची गोणी आणखी. इथे हात मागे घेतला तरच निकाल नीट लागतो.

पुढचे दोन आठवडे आई आणि पिल्लं रात्री डाल्याखाली, दिवसा तुमच्या नजरेत. पाणी उथळ ताटलीत, आत खडे टाकून, म्हणजे पिल्लं बुडत नाहीत. दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी आईच पिल्लांना टोचून लांब करते. ती आता पुन्हा अंड्यावर येणार.

ही सगळी उस्तवार पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतच करा. मार्चनंतर खोलीतल्या उष्म्यानंच अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. उन्हाळ्यातली अंडी ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात साठवा आणि आठवड्याच्या आत खा किंवा विका.

मे महिना

कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं. बाहेर अकोला-चंद्रपूरचे 45 अंश झाले की तिच्याकडे चोच उघडून धापा टाकण्याशिवाय उपाय नसतो. दुपारी अकरा ते पाच तिला हलवू नका, पकडू नका. दाणे पहाटे आणि दिवस मावळताना द्या, कारण पचनाचीही अंगात उष्णता होते. पाणी माठातलं, सावलीत, दोन ठिकाणी. जाळीवर ओलं बारदान टाका, पण चारही बाजू झाकू नका. हवा खेळली नाही तर आत वाफ कोंडते. लिंबाखाली किंवा रांजणापाशी थोडी माती ओली करून ठेवा, त्या स्वतःच खड्डा करून पोट टेकून बसतात. अंडी कमी होतील, ते साहजिक आहे.

लस, आणि तिच्या निमित्तानं गाव

मानमोडी आली की गावातली खुराडी आठवड्यात रिकामी होतात. हिरवी हगवण, धाप, पंख-पाय लुळे पडणं, मान वळणं. उत्तराखंडातल्या राणीखेतचं नाव मिळालेल्या या रोगावर औषध नाही, लस आहे. पिल्लांना पाच-सात दिवसांची असताना लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. आठ-दहा आठवड्यांची झाली की आर-टू-बी लस, पंखाखाली कातडीच्या आत, म्हणजे कातडीखाली, अर्धा मिली. पुढे दर सहा महिन्यांनी. देवीची लस साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात. नेमक्या तारखा आणि मात्रा तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. आजारी पक्ष्याला लस देऊ नका. जंताचं औषध दोन-तीन महिन्यांनी.

अडचण अशी, की लसीची बाटली शंभर-शंभर डोसची येते आणि तुमच्या कोंबड्या सहा. ती बर्फाच्या थर्मासमधून आणावी लागते आणि पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. मग पंधरा-वीस घरं एकत्र आल्याशिवाय गत्यंतर नसतं. तर हे काम तुम्ही अंगावर घ्या. कुणाकडे किती पक्षी, याची यादी वहीत करा. दवाखान्यातून दिवस ठरवून घ्या, फेब्रुवारीच्या आत. आदल्या संध्याकाळी घरोघर सांगा, "उद्या खुराडी उघडू नका, आम्ही येतो." पहाटे सुरू केलं की ऊन चढायच्या आत संपतं. एरवी जिच्याशी कुंपणावरून भांडण आहे तीही त्या दिवशी कोंबडी पकडून समोर धरते. गावात पशुसखी, म्हणजे जनावरांच्या प्राथमिक उपचारांचं शिक्षण घेतलेली बाई, असेल तर तिच्यासोबत जा. पुढे लोक तुम्हाला विचारायला येऊ लागतात. रिकामपण जाण्याचा याहून पक्का मार्ग मी पाहिलेला नाही.

मेलेला पक्षी उकिरड्यावर, नाल्यात किंवा जंगलाकडे फेकू नका. तीन फूट खोल खड्डा, वर चुना, मग माती. एकाएकी बरेच पक्षी मेले तर झाकून न ठेवता दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तो आठवणारे अजून आहेत, आणि 2024च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट त्याच रोगानं गेले.

कापायचं, विकायचं, ठेवायचं

पिल्लांतली निम्मी नर निघतात. पाच-सहा महिन्यांचे झाले की ते एकमेकांना रक्त येईस्तोवर झुंजतात, कोंबड्यांना टिकू देत नाहीत. एक ठेवायचा, बाकीच्यांचं काय ते आधीच ठरवा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया अंड्याच्या कोंबडीला नाव ठेवतात, कोंबड्याला ठेवत नाहीत. यात शहाणपण आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, मागणी असते, तेव्हा भाव बरा मिळतो. घरी कापणार असाल तर धारदार सुरी, एकच घाव, इतर कोंबड्यांच्या नजरेआड. आणि ज्याला खायचंय त्यानं एकदा तरी समोर उभं राहावं. कोंबडबाजाराला कोंबडा मागणारा कधीतरी येईलच, चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर नक्की. पैसे जास्त देईल. पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून झुंजवणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि हातानं दाणे खायला घातलेलं जनावर तिथे पाठवू नये असं मला वाटतं.

कोंबडी दोन-तीन वर्षांनी अंडी कमी देते. तिला ठेवायची की विकायची याचं एकच बरोबर उत्तर नाही. जी चांगली खुडूक बसते, पिल्लं नीट जपते, तिला मी ठेवायला सांगेन. तरण्या कोंबडीच्या अंड्यांवरही ती बसते. नुसतीच दाणे खाणारी असेल तर तिचा निर्णय घरात बोलून घ्या, एकट्यानं गुपचूप उरकू नका. मुलांना तर नक्की सांगा.

पैसा कोणाचा

पाच गावरान कोंबड्यांची वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी होतात. काही उबवणीला, काही घरात, उरलेली विकायला. गावरान अंड्याला पांढऱ्यापेक्षा साधारण दुप्पट भाव मिळतो. यावर घर चालत नाही. पण हा पैसा कुणाचा, हे पहिल्या अंड्याआधी ठरवा. जी व्यक्ती दोन्ही वेळा उठते-बसते तिचा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिनं तो मुलीच्या वहीला वापरावा, बांगड्यांना वापरावा, नाहीतर डब्यात टाकावा, विचारायचं नाही.

जास्तीची तलंग अर्ध्या वाट्यानं द्यायची रीत अजून आहे. कोंबडी तुमची, राखण तिची, पिल्लं निम्मी-निम्मी. जिच्याकडे कोंबडी घ्यायलाही पैसे नाहीत अशा शेजारणीला ही रीत परवडते, आणि तुमच्या खुराड्यातली गर्दीही कमी होते. वाटा केव्हा करायचा ते आधी बोला. पिल्लं आईपासून सुटली की, म्हणजे दोन महिन्यांनी, हे सोयीचं. त्याआधी मेली ती दोघींची.

लग्नाला, दवाखान्याला, लेकीकडे चार दिवस जायचं झालं की हीच शेजारीण दार उघडते आणि लावते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिला सोबत घेऊन कोंबड्या मोजून आत घ्या, कोणती कुठे बसते ते दाखवा, कडी कशी अडकते ते तिच्याच हातानं एकदा करवून घ्या. त्या चार दिवसांतली अंडी तिची, हेही तेव्हाच सांगून टाका.